वळखीचे चार मणी

पोरानं बाटली परत जिभेनं बाहेर ढकलली आणि रडायला लागलं. आवाजातपण आता जोर राहिला नव्हता.

सुलाबाईनं नातवाला ह्या मांडीवरनं त्या मांडीवर घेतलं. "इतकं दिस कसंबसं घोट घोट प्यालं, कालपास्नं पोटात काय टिकंना. चमच्यानं पाजलं तर वकतंय. आईच पायजे म्हणतंय. आता कुठनं आणू ती?"

पोराची आई, थोरली लेक वनिता, जाऊन आठवडा झाला होता. धाकटी प्रांजल सांगलीतल्या विश्रामबागच्या प्रयोगशाळेतनं अंगावरच्या कपड्यानिशी गाडीला बसून आली होती. आली तशी भिंतीला टेकून बसली होती. तिच्याकडं पोर देऊन बघितलं, तर जास्तच किंचाळलं.

उंबऱ्यात बसलेल्या बापानं, नानासोनं, लेकीकडं न बघताच विचारलं, "तकडं करतीस तरी काय गं तू?"

इतक्या वर्षांत घरात हे कुणी विचारलं नव्हतं. प्रांजल भडाभडा बोलायला लागली. "आबा, आपल्या अंगात वझं वाहणारी प्रथिनं असत्यात. हमालच म्हणा. त्यांनी चालायचं का थांबायचं, ते कायनेज नावाचं दुसरं प्रथिन ठरवतं. हमालाच्या अंगावर खूण चिकटवतं. पण एवढ्या गर्दीत हाच आपला हमाल, हे त्याला कळतं कसं? मी तेवढंच शोधती."

"मग? कसं कळतं?"

"प्रथिन म्हंजे मण्यांची माळ. कायनेज सगळी माळ बघतच न्हाई. खुणेच्या जागी वळखीचे चार मणी लागले, बास! आमी ते मणी काढून भलत्याच प्रथिनाला जोडले. त्यालापण खूण चिकटवली की कायनेजनं. लय मस्त फसलं!"

बोलताना ती हसत होती. होस्टेलवर हे सांगावं असं कुणी नव्हतं.

"आमी मेंढरात त्येच करतुया," नानासो म्हणाला. "कोकरू मेलं की त्याचं कातडं पोरक्या कोकराच्या अंगावर बांधायचं. मेंढी हुंगती आन् पाजती. हितं उलटं झालंय एवढंच. आईच..."

प्रांजलचं हसू तसंच तोंडावर राहिलं.

"आयं," ती म्हणाली, "आक्काची न धुतलेली साडी हाय का एखादी?"

सुलाबाईनं कॉटखालनं बोळा ओढला. वनिताला दवाखान्यात नेताना बदललेली साडी. दुधाचा, घामाचा, चुलीच्या धुराचा वास. प्रांजल आत जाऊन ती नेसून आली. तिनं पोर पदराआड घेतलं, बाटली लावली.

पोरानं पदराला नाक घासलं. एकदा थांबलं. मग पदर मुठीत धरला आणि ओढायला लागलं. चुटूचुटू आवाज यायला लागला तसं सुलाबाईनं तोंडाला हात लावला. नानासो उठून बाहेर गेला.

प्रांजलनं मान खाली घातली. पोर डोळं मिटून पीत होतं. एकदापण तिच्या तोंडाकडं बघितलं नाही त्यानं.

"आयं, मला सोमवारी सांगलीला जायाचंय."

सुलाबाईनं पोराच्या पायावर पदर नीट केला.

"जाताना साडी हितंच ठिव, धुऊ नगंस," ती म्हणाली.