सत्तरावर थांबलेला काउंटर

विद्यापीठाच्या बेसबॉल संघात मी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा होतो. कोचने माझे चेंडू मोजलेच नाहीत आणि तेविसाव्या वर्षी खांदा कामातून गेला. सिंगापुरात मी स्वतः पिचिंग कोच झालो, तेव्हापासून पालकांना एकच भाषण ऐकवतो: बारा वर्षांच्या मुलीने पंचाहत्तर चेंडू टाकले की बास. यिशुनमधल्या अंतिम सामन्यात माझ्या संघातली बारा वर्षांची कस्तुरी सुरेख टाकत होती आणि सत्तराव्या चेंडूनंतर हातातला चेंडू मोजायचा काउंटर दाबायला माझा अंगठा विसरला. शेवटच्या डावाआधी ती खांदा चोळत आली. “कोच, सो पेनफुल लाह. किती झाले?” “सत्तर,” मी काउंटर दाखवला. तिची सॉफ्टवेअर टेस्टर आई मोबाइलवर प्रत्येक चेंडू नोंदवत होती. “सर, माझ्याकडे अठ्ठ्याऐंशी दिसतायत.” मी तिच्यापुढेही काउंटर धरला. “सॉरी हं, माझंच चुकलं असणार,” म्हणत तिने अठरा चेंडू पुसले. “जा गं, सर आहेत ना.”