‘ण’वर अडलेल्या भेंड्या

आमच्या वाचनालयात दोन रडक्या जुन्या कवींची पुस्तकं मी शेजारीशेजारी ठेवली आणि त्यांच्यात भेंड्या जुंपल्या. रोज सकाळी एकाच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने नवी ओळ उमटायची, दुसऱ्याच्या शेवटच्या अक्षरावरून.

घड्याळावर ओळ आली, तिला दुसऱ्याचं उत्तर येताच घड्याळ बंद पडलं. कुंडीवर आली, उत्तर येताच रोप वाळलं.

मग आली, ‘बाई बसे खुर्चीत, मागे उभे मरण.’

वाचनालयात खुर्ची एकच, माझी.

शिपाईमामा खो खो हसले. “बाई, ‘ण’वरून कुणाला काय सुचतंय? अडकले दोघंही!”

माझा जीव भांड्यात पडला. आठवडाभर पानं कोरी राहिली. शिक्के मारताना मी गुणगुणायलाही लागले.

आज त्या ओळीखाली लिहिलेलं दिसलं, ‘ण आला तर न धरावा.’

अक्षर माझं होतं.