गुळातली गोळी

लहानपणी शहाजीच्या घशाखाली कडू गोळी उतरायची नाही, म्हणून त्याची आई गोजाबाई ती गुळाच्या खड्यात लपवून भरवायची. त्याच युक्तीवरून पुढं शहाजीनं औषध नेमकं मेंदूपर्यंत पोचवणारी गोळी तयार केली आणि रसायनशास्त्रातला मोठा पुरस्कार मिळवला. सोलापुरातला सत्कार उरकून, पदक घेऊन तो तडक सांगोल्याला आईकडं आला. विस्मरणावरची तीच गोळी तिला वर्षभर चालू होती, पण गुण काही येत नव्हता.

"आये, गोळ्या घेतीस न्हवं?"

गोजाबाईनं उशाचा डबा हळूच उघडून दाखवला. आत गुळाचे खडे होते, प्रत्येकात एकेक गोळी.

 

"हात नगा लावू, सायेब. माझा शहाजी साळंतनं यील, त्याच्यासाटी ठिवल्यात. त्याला कडू जात न्हाय."