कुठलं व्हीपीएन घेऊ?

"हेमांगीताई, यातलं कुठलं व्हीपीएन घेऊ?" जुईनं लॅपटॉप पुढे केला.

नदीत रसायन सोडणाऱ्या कारखान्यातला एक इंजिनिअर पुरावे पाठवायला तयार होता. आपला माग निघेल, एवढीच त्याला भीती. नदीच्या बातम्या आजवर हेमांगीच करत आली होती. पण हा माणूस भेटला नवख्या जुईला, आणि संपादकांनी पहिलं पानही तिलाच देऊ केलं. तेव्हापासून हेमांगीच्या घशाखाली चहासुद्धा धड उतरत नव्हता.

इंटरनेटवर माणसाचा ठावठिकाणा लपवणाऱ्या त्या दोन्ही सेवांच्या अटी तिनं वाचल्या. एक फुकट होतं, पण कोण कुठून जोडलं गेलं याची नोंद ठेवायचं. दुसरं पैसे घ्यायचं, पण कसलीच नोंद ठेवत नसे.

"फुकटचं घे, चालेल," ती म्हणाली.

जुई लगेच मोबाइलवर लिहू लागली. "त्यांना कळवते, ताईंनी बघून सांगितलंय म्हणून. तुमच्या बातम्या वाचूनच त्यांना धीर आला म्हणे."

हेमांगीनं तिचा हात धरला. "थांब. दुसरं घे. फुकटच्यात तो सापडेल."

जळफळाट आत तसाच होता.

"आणि त्याचं नाव मात्र मला सांगू नकोस," ती म्हणाली.