वितळू द्या

पाच-सहा बाया हात पसरून रस्त्यात उभ्या राहिल्या, तेव्हा मल्लिकार्जुनला ट्रक थांबवावाच लागला. नळदुर्ग मागं पडलं होतं, जळकोट अजून यायचं होतं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यानं डांबर मऊ झालेलं. रस्त्याच्या कडेनं दुष्काळी कामाच्या खडीचे ढीग.

"सून पडलीया माझी," त्यांतली म्हातारी भिमाबाई केबिनचं दार धरून म्हणाली. "खडी फोडता फोडता पडली. डोळं उघडंना. तुमच्या गाडीतनं पाणी गळतंय. बर्फ हाय नव्हं?"

बर्फच होता. सोलापूरहून उमरग्याच्या दूध संस्थेसाठी चाललेला. ड्रायव्हरशेजारी बसलेला कल्याणप्पा त्या संस्थेचा सेक्रेटरी. लोकांनी विकतच्या चाऱ्यावर जगवलेल्या म्हशींचं संध्याकाळचं दूध या बर्फाच्या भरवशावर टिकणार होतं. सकाळपासून गाडी थांबेल तिथं उतरून त्यानं लाद्यांवरची पोती सारखी केली होती, भुसा दाबून बसवला होता.

"सावलीत न्या तिला, पाणी पाजा," तो म्हणाला. "बर्फ लोकांचा हाय, मावशी. माझा न्हाय."

"पाणी गिळंना ती." भिमाबाईनं दार सोडलं नाही. "एकडाव बघा तरी."

कल्याणप्पा उतरला. बाभळीच्या विरळ सावलीत चांगुणा पडली होती. विशी-बाविशीची असेल. त्यानं मनगटाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता.

तो ट्रककडे बघत राहिला. मग म्हणाला, "मल्लू, मागचा फाळका पाड."

खडी फोडायचा हातोडा बर्फावर पडला. बायांनी लुगडी धरून आडोसा केला. मानेखाली, काखेत, जांघेत बर्फाचे तुकडे ठेवले. आडोशाकडे पाठ करून उभा राहिलेला कल्याणप्पा सांगत होता, "उचलू नका. वितळू द्या. वितळताना तो अंगातली आग ओढून घेतो." सकाळपासून बर्फ राखत आलेला माणूस आता ओरडत होता, "वितळू द्या!"

बर्फाचं पाणी व्हायला वेळ लागला नाही. ते घमेल्यात धरून बाया त्यात फडकी भिजवत, चांगुणाच्या अंगावर पसरत, पाटीनं वारा घालत. बघता बघता फडकी सुकत. पुन्हा भिजवत. त्या बायांचे ओठ तहानेनं फुटले होते. पण घमेल्यात ओंजळ कुणीच घातली नाही.

पहिली लादी संपली. मल्लिकार्जुन जवळ येऊन हळू म्हणाला, "अप्पा, अजून फोडल्या तर सांजचं दूध नासंल बघा."

"नासंल." कल्याणप्पानं कपाळाचा घाम पुसला. "लोकांच्या पुढं म्या उभा ऱ्हातो. तू फोड."

हातोडा पुन्हा पडू लागला. "चांगुणे, ए चांगुणे," भिमाबाई हाका मारत होती. हाकेला ओ येत नव्हती. आवाज बसला तरी ती थांबली नाही.

मग चांगुणाचा जबडा थरथरला. सगळं अंग हलू लागलं. एक बाई घाबरून मागं सरली. भिमाबाईनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं.

चांगुणानं डोळे उघडले. वरच्या पांढऱ्या उन्हाकडे पाहिलं, मग सासूकडे.

"आत्याबाई," ती दात वाजवत म्हणाली, "लई थंडी वाजतीया."

भिमाबाईनं डोक्यावरचा तापलेला पदर ओढून काढला आणि सुनेच्या अंगावर घातला.