उजवीकडं गेलेला दगड

भागूबाईचा दगड डब्याच्या काठाला लागला. डबा टणकन वाजला आणि करमाडच्या तिच्या अंगणात बारशाला जमलेल्या बायकांनी एकच गलका केला. आता पाळी विहिणीची, पडेगावच्या बानाबाईची.

चाळीस पावलांवर लिंबाच्या बेचक्यात तेलाचा रिकामा डबा ठेवला होता. गोफणीनं जी आजी तो टिपील, ती नातवाचं नाव ठरवील. भागूबाईच्या मनात ऋतुराज.

"आमच्या पोराला आमच्या मालकाचंच नाव!" बानाबाईनं आल्या आल्या दम भरला होता.

"कंचं, ते तरी सांगा."

बानाबाईनं लेकाला कोपर मारलं. "खंडेराव," हनुमान घाईनं म्हणाला.

"एवढुशा जिवाला? पोरगं हाय का सरपंच?"

झालं, गोफणी निघाल्या. दोघींची हयात मेंढरांमागं गेलेली. भांडण मिटवायचं दुसरं हत्यार त्यांना ठाऊक नव्हतं.

ज्ञानेश्वरी पाळण्याशी उभी होती. बानाबाईची ही धाकटी लेक बीएस्सीला होती. बाळाची आत्या म्हणून नाव कानात सांगायचा मान तिचा, आणि बापाचं नाव घरात परत यावं म्हणून तिचा जीव टांगणीला लागलेला. तशी काळजी नव्हती. आई कणसावरचा कावळा उडवायची अन् कणसाचा दाणा हलायचा नाही.

गोफण गरगरली. तिसऱ्या फेऱ्याला बानाबाई थबकल्यासारखी झाली. ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग दगड सुटला तो डब्याच्या दोन हात उजवीकडून, थेट वरणाच्या पातेल्यात. वरण उसळलं. आचारी पळत सुटला.

"मी चुकले नाय," बानाबाई कमरेवर हात ठेवून गरजली. "पृथ्वी फिरली!"

"काय फिरली?"

"ज्ञानू, सांग ह्या अडाण्यांना! काल घोकत व्हतीस न्हवं?"

ज्ञानेश्वरीची कानशिलं तापली. "पृथ्वी फिरते, म्हणून आपल्याकडं वारा, समुद्राचं पाणी, फेकलेली वस्तू... चालता चालता उजवीकडं वळते."

"ऐका! कालेजात शिकिवतेत!"

"आन् माझ्या वक्ताला?" भागूबाईनं पदर खोचला. "पृथ्वी काय चहा प्यायला थांबली व्हती?"

अंगण हसून लोळलं. पुढचं वाक्य ज्ञानेश्वरीनं गिळलं. आईची अब्रू शास्त्रापेक्षा मोठी. तिनं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात "ऋतुराज" म्हटलं आणि बापाच्या आठवणीनं डोळे पुसले.

आणि बानाबाई? हरलेली बाई तोंड लपवते. हिनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि अंगणभर हाका मारत सुटली. "ऋतुराज! ए ऋतुराज्या! बघ की इकडं, लबाडा!"

ज्ञानेश्वरीनं तिला गोठ्याआड गाठलं. "आई, चाळीस पावलांत पृथ्वी दगडाला बाजरीच्या दाण्याएवढंही हलवत नाही."

"मला शिकिवती? तीस वरसं गोफण मारली म्यां."

"मग दोन हात कसा गेला?"

बानाबाईनं इकडंतिकडं पाहिलं. आवाज खाली आणला.

"तावात बोलून गेले, बाई. गोफण फिरवताना ध्यानात आलं. तुझ्या बापाचं नाव ठिवलं असतं, तर ह्याला जेवाया हाक मारताना दर बारीला उखाणा घेऊ व्हय?"