पुलाच्या तोंडाशी

"जरा डावीकडे सरक, आई. हां. हनुवटी वर."

आईने हनुवटी वर केली. तशी ती तिची कायम वरच असायची, पण लेकाने सांगितलं म्हणून आणखी बोटभर वर गेली.

मोडका पूल तिच्या पाठीशी होता. दोन्ही बाजूंना गंजलेले कठडे, फळ्यांच्या फटींतून वाढलेलं गवत, आणि नदीच्या मधोमध पूल संपलेलाच. पुढचा भाग कधीच पुरात गेला. गाड्या आता वरच्या अंगाच्या नव्या पुलावरून जात, ह्याच्याकडे कुत्रंही फिरकत नसे. पण लेकाला ह्याचाच फोटो हवा होता. जुन्या पुलांचं एक जाडजूड पुस्तक निघणार होतं आणि त्यातलं एक पान त्याच्या वाट्याला आलं होतं. जन्मभर पासपोर्टचे चेहरे नि लग्नाचे फोटो काढणाऱ्याला एवढं पान म्हणजे राज्याभिषेकच.

कुणीतरी समोर उभं केल्याखेरीज त्याला उजेडाचा अंदाज येत नसे. यंत्र सगळं सांगतं म्हणतात, पण ह्याचा विश्वास आईच्या तोंडावर. तिच्या गालावर ऊन कसं पडतं ते बघायचा, कॅमेऱ्याचे कान पिळायचा आणि म्हणायचा, "बास. बाजूला हो आता." मग ती बाजूला व्हायची आणि तो खरा फोटो काढायचा. घरांचे, झाडांचे, लोकांच्या नवरीमुलींचे. सगळ्यांच्या आधी तिथे ती उभी राहिलेली. माझ्यावाचून त्याचं काही हलत नाही, असं ती शेजारणींना सांगे, आणि ते काही खोटं नव्हतं.

"बास. बाजूला हो आता," तो म्हणाला.

ती झाली. तेवढ्यात कॅमेऱ्याच्या तिपाईशेजारी उभी असलेली सूनबाई बोलली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"नुसता पूल नको ना. माणूस असलं की केवढा होता ते कळेल. मी जाऊ का त्या टोकाला?"

आता हा खेकसणार, असं आईला वाटलं. कामात मध्ये बोललेलं त्याला मुळी खपत नसे.

"जा," तो म्हणाला. "कठडा धरून जा. जपून."

आईला त्याने आजवर चिखलात उभं केलं, काट्यांत उभं केलं, टळटळीत उन्हात उभं केलं. 'जपून' म्हणायला त्याची जीभ कधी वळली नव्हती.

सून गेली. एकेक फळी पायाने चाचपत मोडक्या टोकाशी पोहोचली आणि वळून उभी राहिली, हसत. वाऱ्याने केस उडाले. आता हिलाही बाजूला हो म्हणेल, म्हणून आई वाट बघत राहिली.

तो म्हणाला नाही. त्याने बटण दाबलं.



"कसा आला?" सुनेने टोकावरून विचारलं.

"काहीतरी चुकतंय," तो पुटपुटला.

आईने संधी सोडली नाही. तोंडाशी हात धरून तिने हाळी दिली, "अगं, पाठ कर इकडे! पाठमोरी उभी राहा! तोंड दिसलं की पूल मार खातो!"

असलं काही नसतं हे तिलाही ठाऊक होतं. पुस्तकात यायचंच असेल तर पाठ येऊ दे, एवढाच तिचा हिशोब. नाक ना डोळे, लोक ओळखणार थोडेच!

सून गुणाची. लगेच वळली. हात कठड्यावर, समोर नुसतं पाणी आणि लांब पलीकडचा काठ. जणू तिचं कुणीतरी तिकडेच राहून गेलंय.

लेक तिपाईमागे वाकला. मग त्याने बटण दाबायचा सपाटाच लावला.

"आई! अगं, हेच हवं होतं! कसलं सुचवलंस गं तू!"

त्याने येऊन तिचे खांदे धरले, तिला गदागदा हलवलं, कॅमेऱ्याच्या पाठीवरचं चित्र तिच्या नाकासमोर धरलं. चित्र चांगलं होतं. तिला ते कळलं, हेच वाईट. त्या एवढ्याशा पाठीने अख्खा पूल आपल्या नावावर करून घेतला होता. आपल्याच हाताने तिने दुसरीच्या घरात दिवा लावून दिला होता.

"पुस्तकात छापायलाच सांगतो," लेक म्हणाला, "कल्पना आईची."

"कल्पनेला काय चाटायचंय?" आई म्हणाली.

तिने खांद्यावरची शाल सारखी केली. चालत पुलाच्या तोंडाशी गेली, तिथून वळली आणि दोन पावलं पुढे येऊन कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात उभी ठाकली.

"उजेड बघून झालाय, आई. आता लागणार नाहीस तू."

ती हलली नाही.

"अगं, ऊन चाललंय! अजून दोन-तीन काढायचेत."

टोकावरून सून वळून बघायला लागली. "काय झालं हो?"

"काही नाही, तू थांब तशीच," तो तिला म्हणाला, आणि मग आईवर ओरडला, "आई, पूल झाकला गेला सगळा!"

"जाऊ दे झाकला," आई म्हणाली. "मी दिसते का, ते सांग."